तह, सनद आणि वहिवाट

मराठी मुलखात संस्थानांची आठवण निघते ती राजांच्या नावाने. कोल्हापूर म्हटले की शाहू महाराज, बडोदे म्हटले की सयाजीराव, औंध म्हटले की भवानराव पंतप्रतिनिधी. ही आठवण योग्यच आहे, कारण या माणसांनी केलेले काम खणखणीत होते. पण मोठ्या राजधान्यांत राजवाड्यापासून थोड्या अंतरावर आणखी एक बंगला असे, आणि त्यात रेसिडेंट किंवा पोलिटिकल एजंट राहत असे. गादीवर कोण बसणार, दिवाण कोण होणार, अज्ञान राजपुत्राला कोणत्या शाळेत घालायचे, महाराजांनी विलायतेला जायचे की नाही, हे प्रश्न त्या बंगल्यावरून गेल्याखेरीज सुटत नसत. राजांची चरित्रे मराठीत भरपूर आहेत. त्या बंगल्याच्या कारभाराचा हिशेब मात्र क्वचितच कोणी मांडतो.

लहान संस्थानांच्या वाट्याला तर वेगळा साहेबही येत नसे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भोरच्या पंतसचिवांचा पोलिटिकल एजंट म्हणजे पुण्याचा कलेक्टर. फलटण आणि औंध साताऱ्याच्या कलेक्टरकडे, अक्कलकोट सोलापूरच्या, जंजिरा कुलाब्याच्या, जव्हार ठाण्याच्या, सुरगाणा नाशिकच्या. खालसा जिल्ह्याची जमाबंदी, दुष्काळ, फौजदारी हे सगळे बघणाऱ्या माणसाच्या टेबलावर एका कोपऱ्यात एका राज्याचे दप्तर पडलेले असे. जतचे दप्तर विजापूरला जाई. कोल्हापूर आणि पटवर्धनी संस्थानांसाठी कोल्हापुरात स्वतंत्र एजंट होता, सावंतवाडीला स्वतंत्र होता. एकट्या मुंबई सरकारच्या देखरेखीखाली साडेतीनशेच्या वर संस्थाने होती, त्यांतली बहुसंख्य काठेवाड आणि गुजरातेत.

देशभराचा आकडा मोजणाऱ्यागणिक बदलतो, कारण संस्थान कशाला म्हणायचे हेच कधी पक्के ठरले नव्हते. संस्थाने आणि ताज यांचे नाते तपासणाऱ्या १९२९ च्या बटलर समितीने ५६२ मोजली. त्यांतल्या १०८ संस्थानांचे राजे नरेंद्र मंडळ या राजांच्या सभेचे स्वतःच्या हक्काने सभासद, १२७ मिळून १२ प्रतिनिधी पाठवणारी, आणि उरलेल्या ३२७ नुसत्या जहागिऱ्या आणि इस्टेटी. एका टोकाला ८२ हजार चौरस मैलांहून मोठे हैदराबाद. दुसऱ्या टोकाला काठेवाडातले वेजाणोनेस, ज्याचे क्षेत्रफळ पाव चौरस मैलाहून थोडे जास्त, वस्ती २०६ आणि वार्षिक उत्पन्न ५०० रुपये. हिंदुस्थानच्या दोन पंचमांश भूमीवर आणि सुमारे एक चतुर्थांश लोकांवर अशी सत्ता चालत होती. तिच्यात राजा एक होता, हुकूम दुसऱ्याचा होता, आणि रयतेने दाद कोणाकडे मागायची ते कोणीच सांगत नव्हते.

सुरुवात तैनाती फौजेपासून झाली. कंपनीने फौज द्यायची, राजाने तिचा खर्च सोसायचा, परराज्यांशी बोलणे कंपनीमार्फत करायचे आणि दरबारी कंपनीचा वकील ठेवून घ्यायचा, अशी ती रचना. निजामाने १७९८ मध्ये ती पत्करली आणि दुसऱ्या बाजीरावाने ३१ डिसेंबर १८०२ च्या वसईच्या तहात. खर्च रोख देता आला नाही की मुलूख तोडून द्यावा लागे. निजामाच्या हातून वऱ्हाड गेला तो याच वाटेने. त्याच्या नावाने उभारलेल्या कंटिंजंट फौजेचे कर्ज त्याच्याच डोक्यावर चढले, आणि १८५३ मध्ये वऱ्हाड कंपनीकडे लावून द्यावा लागला. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस आणि त्यावरचा शेतसारा एका फौजेच्या हिशेबावर जमा होऊ लागला, आणि त्या फौजेला हुकूम सोडण्याचा अधिकार निजामाला नव्हता.

पेशवाई बुडाल्यावर कंपनीने साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंहांचे राज्य नव्याने उभे केले. २५ सप्टेंबर १८१९ च्या तहात कंपनीचे वर्चस्व आणि परक्या दरबारांशी संबंध न ठेवण्याची अट स्पष्ट लिहिली होती. पुढे मराठ्यांचा इतिहास लिहून प्रसिद्ध झालेला ग्रँट डफ तेव्हा साताऱ्याचा पोलिटिकल एजंट होता. राज्याचा कारभार पहिली काही वर्षे त्यानेच चालवला आणि १८२२ मध्ये तो छत्रपतींच्या हाती दिला. प्रतापसिंह कर्ते निघाले. त्यांनी रस्ते बांधले, पाठशाळा काढली, छापखाना घातला. पण तहात ठरलेल्या जहागीरदारांवरच्या हक्काचा प्रश्न त्यांनी लावून धरला तशी मुंबई सरकारची मर्जी फिरली. गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेबांशी संधान, कंपनीच्या शिपायांना फितवणे असे आरोप त्यांच्यावर आले.

ऑगस्ट १८३९ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जेम्स कार्नॅक स्वतः साताऱ्यास आला. त्याची मागणी सरळ होती. छत्रपतींनी एका कागदावर सही करावी, म्हणजे मागचे सगळे विसरले जाईल आणि गादी राहील. सही म्हणजे आरोपाची कबुली, हे प्रतापसिंहांना दिसत होते. उघड चौकशी करा, मग काय ती शिक्षा द्या, हे त्यांचे म्हणणे होते. चौकशी झाली नाही आणि सहीही झाली नाही. सप्टेंबरमध्ये त्यांना गादीवरून उतरवून काशीला पाठवण्यात आले, आणि तिथेच १८४७ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांची बाजू घेऊन रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि जवळजवळ चौदा वर्षे तिथे ठाण मांडून राहिले. अर्ज, सभा, पत्रके, पार्लमेंटातले मित्र, सगळे करून झाले. उपयोग झाला नाही. १८५७ च्या उठावात त्यांच्या मुलाला साताऱ्यास फाशी झाली आणि ते स्वतः परागंदा झाले.

पुढची जवळजवळ सगळी प्रकरणे याच घडणीची आहेत. आरोप सरकारचा, साक्षी-पुरावे गोळा करणारा सरकारचाच रेसिडेंट, निवाडाही सरकारचा, आणि अपील त्याच सरकारच्या वरच्या पायरीकडे. मध्ये न्यायालय कुठेच नाही.

प्रतापसिंहांनंतर गादीवर आलेले त्यांचे बंधू शहाजी एप्रिल १८४८ मध्ये वारले. मरणापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता. तो मान्य करावा असे साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रिअर आणि मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क या दोघांचेही मत होते. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक वारस नामंजूर करून राज्य खालसा केले. नागपूर आणि झाशी त्याच तत्त्वाखाली गेली. नागपूरकर भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल विकले गेले, जडजवाहीर कलकत्त्याला लिलावात निघाले. त्या लिलावाची सल नागपुरात पुढे पिढ्यान्‌पिढ्या राहिली.

१८५७ ने हे धोरण उलटवले. बहुतेक मोठे संस्थानिक उठावात इंग्रजांच्या बाजूला राहिले आणि त्यांच्यामुळे राज्य तगले, ही जाणीव गव्हर्नर-जनरल कॅनिंगला झाली. १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात नवा मुलूख घेणार नाही आणि राजांशी झालेले करार पाळू, असे आश्वासन आले. मग १८६० ते १८६२ या काळात दत्तकाच्या सनदा वाटल्या गेल्या. औरस वारस नसेल तर दत्तक घ्या, सरकार मान्य करील, असा त्यांतला मजकूर. शेवटी अट होती की घराणे ताजाशी एकनिष्ठ राहिले पाहिजे आणि तह-सनदांतली कलमे पाळली पाहिजेत.

ती अट वाचताना साधी वाटते. पण राज्य जाण्याची भीती संपली आणि तिच्या जागी राजा जाण्याची भीती बसली. घराणे कायम राहणार होते, पण गादीवर बसलेला माणूस बदलता येत होता. एकनिष्ठा आणि सुराज्य कशाला म्हणायचे ते ठरवणारा एकच होता.

हे उघड झाले बडोद्यात. मल्हारराव गायकवाडांचा कारभार वाईट होता, याबद्दल त्यांच्या बाजूच्या लोकांनाही फारशी शंका नव्हती. १८७३ मध्ये चौकशी मंडळ नेमले गेले, सुधारणेला १८७५ अखेरची मुदत मिळाली, आणि दादाभाई नौरोजी दिवाण म्हणून आले. दादाभाई आणि रेसिडेंट कर्नल रॉबर्ट फेअर यांचे पहिल्या दिवसापासून पटले नाही. रेसिडेंट बदलावा, अशी विनंती मल्हाररावांनी २ नोव्हेंबर १८७४ च्या खलित्यात व्हाइसरॉयला केली.

त्यानंतर आठवड्याने, ९ नोव्हेंबरच्या सकाळी, फेअर फिरून बंगल्यावर परतला. रोजच्याप्रमाणे पपनसाच्या सरबताचा पेला टेबलावर होता. त्याने दोन-तीन घोट घेतले, चव वेगळी लागली, तसे उरलेले सरबत त्याने बाहेर ओतून दिले. पेल्याच्या तळाशी गाळ दिसला. रेसिडेन्सीच्या डॉक्टरने तो तपासला आणि त्यात सोमल व हिऱ्याची पूड आढळल्याचे सांगितले. फेअरची बदली झाली, सर ल्युइस पेली आला, दादाभाईंनी जानेवारीत राजीनामा दिला आणि मल्हारराव अटकेत गेले.

मग जे झाले तसे संस्थानांच्या इतिहासात पूर्वी कधी झाले नव्हते. गादीवरच्या राजाची चौकशी उघड दरबारात, सहा जणांच्या मंडळापुढे झाली. तिघे इंग्रज होते, आणि बंगालचा सरन्यायाधीश सर रिचर्ड काउच त्यांत अध्यक्ष. तिघे हिंदी होते, जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराजा रामसिंह आणि सर दिनकरराव राजवाडे. मल्हाररावांच्या बचावाला लंडनहून सार्जंट बॅलंटाइन आला आणि त्याने रेसिडेन्सीच्या नोकरांच्या साक्षी उलटतपासणीत खिळखिळ्या केल्या. पुण्याच्या सार्वजनिक सभेने गायकवाडांची बाजू उचलून धरली. मराठी वर्तमानपत्रे रोज या प्रकरणाने भरत होती, त्यावर नाटकही लिहिले गेले. निकाल तीन विरुद्ध तीन लागला. इंग्रज सभासदांना गुन्हा शाबीत वाटला, हिंदी सभासदांना तो शाबीत झाला नाही असे वाटले.

सरकारने या चौकशीच्या निकालावर निर्णय घेतलाच नाही. एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना काढले ते कुख्यात वर्तन, गैरकारभार आणि नालायकी या कारणांनी. विषप्रयोगाचा आरोप बाजूला ठेवून दिला गेला. त्यांना मद्रासला नेले, आणि तिथेच १८८२ मध्ये ते वारले. निवाडा सरकारला हवा तसा आला नाही, तेव्हा कारण बदलले. गायकवाडांच्या कारभाराविषयी कितीही वाईट मत असले तरी या गोष्टीचे समर्थन करणे कठीण आहे.

खंडेराव गायकवाडांच्या विधवा जमनाबाईंच्या मांडीवर नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळराव दत्तक दिला गेला आणि तो सयाजीराव झाला. हिंदुस्थानातल्या सर्वांत कर्त्या राजांपैकी एक याच जुलमी रीतीच्या पोटातून आला, हे इतिहासाचे खरे गुंतागुंतीचे रूप आहे. टी. माधवराव दिवाण झाले, इलियट हा आय.सी.एस. अधिकारी शिक्षक म्हणून आला, आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी सयाजीरावांना मुखत्यारी मिळाली. १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सगळ्या राज्यात त्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. इंग्रजी मुलखाने हे धैर्य तेव्हा दाखवले नव्हते.

कोल्हापूरची कथा अधिक करुण आहे. १८४३ च्या सुमारास मुंबई सरकारने दाजी कृष्ण पंडितांना कारभारावर नेमले. त्यांच्या जमाबंदीने पिढीजात गडकऱ्यांच्या वतनांना हात लागला, आणि १८४४ मध्ये सामानगड, भुदरगडापासून पन्हाळ्यापर्यंत गडकरी उठले. बंडाचा बीमोड झाला आणि खर्च कोल्हापूरच्याच खात्यावर पडला. १८५७ च्या उठावाच्या संशयावरून छत्रपतींचे बंधू चिमासाहेब यांना कराचीला धाडले, ते परतले नाहीत. १८६२ च्या करारात कागल, इचलकरंजी, विशाळगड, बावडा यांसारख्या मोठ्या जहागीरदारांवर इंग्रजांची देखरेख राहिली. छत्रपतींच्या पदरचे सरदार छत्रपतींना डावलून थेट एजंटाच्या दारी जाऊ शकत होते. पुढे शाहू महाराजांनी या हक्कासाठी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार केला.

तरुण राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपातून परतताना फ्लोरेन्सला वारले. आर्नो नदीच्या काठी त्यांची छत्री आजही उभी आहे. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी लहान होते. ते वयात येत होते तेव्हाच त्यांना वेड लागल्याचे सरकारने ठरवले. कारभारी माधवराव बर्वे त्यांचा छळ करतात, अशी बातमी पुण्यात पसरली आणि 'केसरी' व 'मराठा' यांनी त्यावर तुटून लिहिले. आधाराला धरलेली पत्रे बनावट निघाली, आणि १८८२ मध्ये टिळक आणि आगरकरांना बदनामीबद्दल चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांतले १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले.

पत्रे खोटी होती. पण ज्या मुलाच्या काळजीने ती छापली गेली तो मुलगा खरा होता. त्याला अहमदनगरच्या किल्ल्यात गोऱ्या पहाऱ्यात ठेवले होते. घरचे कोणी जवळ नव्हते, स्वतःच्या भाषेत बोलायला दरबारचे माणूस नव्हते. २५ डिसेंबर १८८३ रोजी ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर तो मेला. प्लीहा फुटल्याचे कारण दिले गेले. तेव्हा त्याचे वय वीस वर्षांचे होते. छत्रपतींच्या गादीचा वारस एका किल्ल्यात परक्या शिपायाच्या हातून असा जातो आणि राज्याचा एकही माणूस त्या खोलीत नसतो. कोल्हापूरकरांच्या मनाला याचा घाव किती खोल बसला असेल, याची कल्पना आजही करता येते.

१७ मार्च १८८४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव दत्तक आले आणि शाहू झाले. तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. राजकोटचे राजकुमार कॉलेज, मग धारवाडला स्टुअर्ट फ्रेझरच्या हाताखाली शिक्षण, आणि २ एप्रिल १८९४ रोजी मुखत्यारी. म्हणजे १८७० ते १८९४ अशी चोवीस वर्षे कोल्हापूरला पूर्ण अधिकाराचा राजा नव्हता. या काळात नवा राजवाडा उभा राहिला, १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, शाळा वाढल्या, मोजणी झाली. हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते सगळे कोणाच्या संमतीने झाले असे विचारले तर उत्तर एजंटाच्या कचेरीशीच येऊन थांबते. एका पिढीच्या कारकुनांना, मामलेदारांना, सावकारांना खरा धनी कोण हे पक्के कळले होते. मुखत्यारी मिळालेल्या एकोणीस वर्षांच्या तरुणाला त्या सवयीशी झगडावे लागले. १९०२ मध्ये त्यांनी निम्म्या सरकारी जागा मागास वर्गांसाठी राखल्या. तो हुकूम काढण्याआधी दरबार आपल्या हाती आणण्यात त्यांची किती शक्ती गेली असेल, हे ध्यानात घेतले की त्या हुकुमाची उंची कळते.

अज्ञान राजा हे साहेबाच्या हातातले मोठे साधन होते. मुलाला राजकोट, अजमेरचे मेयो कॉलेज, इंदूरचे डेली कॉलेज किंवा लाहोरचे एचिसन कॉलेज इथे धाडायचे, सोबत इंग्रज शिक्षक द्यायचा आणि राज्य कौन्सिलच्या किंवा ॲडमिनिस्ट्रेटरच्या हाती ठेवायचे. सज्ञान राजासाठी दिवाण होता, आणि त्याच्या नेमणुकीला सरकारची पसंती लागे. दिनकररावांपासून माधवरावांपर्यंत यांतले कित्येक थोर प्रशासक होते. पण त्यांची निष्ठा दोन ठिकाणी वाटलेली असे, आणि ते ज्याला त्याला ठाऊक होते.

तोफांच्या सलामीचे तंत्र वेगळे. हैदराबाद, म्हैसूर, बडोदे, ग्वाल्हेर आणि काश्मीर यांना २१, कोल्हापूर आणि इंदूरला १९, आणि तिथून खाली उतरत ९ पर्यंत. दोन तोफा वाढाव्यात म्हणून राजे झुरत. आज हे पोरकट वाटते, पण ज्याची फौज, टांकसाळ आणि परराष्ट्रव्यवहार काढून घेतले आहेत त्याच्याजवळ मान मोजायला दुसरे माप उरले नव्हते. १९११ च्या दिल्ली दरबारात सयाजीरावांनी बादशहापुढे नेमलेल्या रीतीप्रमाणे लवून पाठ न दाखवता मागे सरायचे, ते केले नाही. त्यावरून इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत गदारोळ उठला आणि त्यांना खुलासा लिहून द्यावा लागला. त्यामागे खरी चिडीची कारणे होती. अरविंद घोष पूर्वी त्यांच्याच नोकरीत होते, आणि राष्ट्रीय शिक्षण देणारे गंगानाथ विद्यालय बडोद्यात चालत होते. ते त्याच साली बंद पडले. युरोपला जाण्याआधी सरकारची परवानगी घ्यावी, हे व्हाइसरॉय कर्झनचे १९०० सालचे परिपत्रक सयाजीरावांना तर खासच जाचले.

याहून खोल परिणाम झाला तो शांतपणे चाललेल्या कामांचा. आगगाडी संस्थानातून जाणार असेल तर रुळांच्या पट्ट्यावरचा दिवाणी-फौजदारी अधिकार सोडून द्यावा लागे. सांभर सरोवराचे मीठ १८७० मध्ये जयपूर-जोधपूरकडून भाड्याने घेतले गेले, आणि पुढच्या करारांनी ठिकठिकाणच्या संस्थानी मिठागरांवर इंग्रजांचा ताबा आला किंवा ती बंद झाली. टांकसाळी एकेक करून थंडावल्या. यांतल्या एकाही गोष्टीला युद्ध लागले नाही. एजंटाने दरबारला सल्ला दिला, दरबारने तो मानला, एवढेच.

सल्ला हाच या राज्यपद्धतीचा कणा होता. बटलर समितीनेच नोंदवले की तह झालेली संस्थाने फक्त ४० आहेत. बाकीच्यांचा आधार सनदा, करारपत्रे आणि वहिवाट. गावातल्या बांधाच्या भांडणात वहिवाट म्हणजे काय हे शेतकऱ्याला नेमके माहीत असते. कोणी एकदा हरकत न घेता तुमच्या शेतातून गाडी नेली, पुन्हा नेली, की काही वर्षांनी तो रस्ता त्याचा. इंग्रजांनी संस्थानांत तेच केले. एका लहान संस्थानात दिलेला सल्ला नोंदला गेला, तो पायंडा झाला, आणि पुढे तहाच्या मोठ्या संस्थानाला लागू झाला. चार्ल्स टपर या इंग्रज अधिकाऱ्याने हे सारे पायंडे १८९५ मध्ये अनेक खंडांत गोळा केले, आणि ते खंड गोपनीय होते. ज्यांना हे नियम लागू होत त्या राजांनाच ते वाचायला मिळत नसत. कोल्हापुरात एजंट राहिलेल्या ली-वॉर्नरने संस्थानांवर ग्रंथ लिहून या वहिवाटीला कायद्याची भाषा दिली. १८९१ मध्ये मणिपूरच्या प्रकरणात टिकेंद्रजित यांना फाशी दिल्यावर सरकारने जाहीर केले की हिंदी संस्थाने आणि ताज यांच्यात आंतरराष्ट्रीय कायदा लागू नाही.

निजामाने वऱ्हाड परत मागितला तेव्हा हे सगळ्यांत स्पष्ट शब्दांत ऐकू आले. १९०२ मध्ये कर्झनने वऱ्हाड सालीना २५ लाखांवर कायमच्या पट्ट्याने घेतला होता. निजाम उस्मान अली खान यांनी प्रश्न पुन्हा काढून दोन सरकारांमधला वाद म्हणून चौकशी मागितली. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने कळवले की इंग्रजी ताजाचे सार्वभौमत्व हिंदुस्थानात सर्वोच्च आहे आणि ते केवळ तहांवर उभे नाही, त्यामुळे कोणत्याही राजाला बरोबरीच्या नात्याने बोलता येणार नाही. त्याच वर्षी इंदूरचे तुकोजीराव होळकर गादीवरून उतरले. मुंबईच्या मलबार हिलवर जानेवारी १९२५ मध्ये बावला नावाच्या व्यापाऱ्याचा खून झाला होता, आणि त्याचे धागे इंदूर दरबारापर्यंत पोचले होते. चौकशी मंडळ की राज्यत्याग, या दोन वाटा पुढे ठेवल्या गेल्या तेव्हा त्यांनी राज्यत्याग पत्करला.

राजे घाबरले आणि आपल्या हक्कांची व्याख्या मागू लागले. १९२१ पासून दिल्लीत नरेंद्र मंडळ होते. बटलर समितीपुढे त्यांनी नामांकित वकील उभे केले. समितीने व्याख्या करायचे नाकारले. सार्वभौम सत्ता सार्वभौमच राहिली पाहिजे, एवढाच निष्कर्ष निघाला. जे लिहिले नाही तेच अधिक ताकदीचे, हे लंडन आणि सिमल्याला पुरते ठाऊक होते.

या सगळ्यात रयत कुठे होती? हैदराबाद संस्थानात मराठवाड्यातल्या माणसाला साधी सभा घ्यायची तर गश्ती क्रमांक ५३ हा सरकारी हुकूम आड येई. शाळांतून उर्दूचे वर्चस्व होते. १९३७ मध्ये परतूरला महाराष्ट्र परिषद भरली, तीही अनेक अटी सांभाळत. पुढच्याच वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली. इंग्रजी मुलखातल्या वर्तमानपत्रांनी संस्थानी जुलमावर लिहावे, तर त्यांच्यासाठी १९२२ चा राजेरजवाड्यांच्या संरक्षणाचा कायदा होता. विधानसभेने तो नाकारल्यावर व्हाइसरॉयने खास अधिकारात तो लादला. राजाकडे तक्रार केली तर दिवाण ऐकत नसे. एजंटाकडे गेले तर हा संस्थानचा अंतर्गत कारभार म्हणून अर्ज परत येई. तोच एजंट राजाला उलथवू शकत होता. अंतर्गत कारभार ही भिंत फक्त रयतेच्या वाटेत होती, आणि इंग्रजांच्या संस्थानी कारभारावरचा सर्वांत गंभीर आरोप हाच आहे. राजांवर अन्याय झाले ते खरे. पण राजांना दाद मागायला वकील आणि लंडन होते. भोरच्या किंवा जतच्या कुळाला काय होते?

म्हणून संस्थानी प्रजेची चळवळ आधी इंग्रजी मुलखात उभी राहिली. दक्षिणी संस्थानांतल्या लोकांच्या परिषदा पुण्यात भरू लागल्या, आणि १९२७ मध्ये मुंबईत अखिल भारतीय देशी राज्य प्रजा परिषदेचे पहिले अधिवेशन झाले. १९३९ मध्ये कोल्हापुरात माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांनी प्रजा परिषद उभी केली.

औंधने उलट दिशेने पाऊल टाकले. ७२ खेड्यांचे, साताऱ्यापासून विजापूरकडे तुकड्यातुकड्यांनी विखुरलेले राज्य. भवानरावांनी आपले सगळे अधिकार रयतेला देण्याचे ठरवले. त्यांचे पुत्र अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रीडमन यांनी गांधीजींशी सल्लामसलत करून घटना आखली, आणि जानेवारी १९३९ मध्ये ती अमलात आली. कारभार गावपंचायतींच्या हाती गेला. आटपाडीजवळ कैद्यांची खुली वसाहत निघाली. १९४२ नंतर क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारच्या माणसांना औंधच्या हद्दीतल्या कुंडलचा आसरा होता. इंग्रजी पोलिसांना रोखणारी संस्थानची सीमा निदान तिथे तरी रयतेच्या कामी आली.

१९४७ चे वर्ष लागले आणि पोलिटिकल खात्याने कचेऱ्यांतले कागद जाळायला सुरुवात केली. खात्याचा प्रमुख सर कॉनराड कॉरफिल्ड याच्या हुकुमाने राजांच्या खासगी भानगडींची दप्तरे टनावारी भस्म झाली. नेहरूंनी जोरदार हरकत घेतली तोवर पुष्कळ गेले होते. राजांची अब्रू वाचवायची असे कारण दिले गेले. त्याच आगीत कोणी कोणाला कोणता सल्ला दिला याच्या नोंदीही गेल्या. बहुतेक राज्यकारभार तोंडी सल्ल्याने चालवला आणि लिहिलेले जाळून टाकले, त्यामुळे इतिहासकाराला आज दरबारच्या दप्तरांवर आणि मुंबई-दिल्लीत उरलेल्या फायलींवर भागवावे लागते.

१५ ऑगस्टला स्वातंत्र्याच्या कायद्यातल्या एका कलमाने सार्वभौम सत्ता आणि तिचे सगळे करार संपले. सरदार पटेल आणि व्ही. पी. मेनन यांच्या संस्थान खात्याने सामीलनामे गोळा केले. दक्षिणेतल्या काही राजांनी आपसांत संघ करून पाहिला, तो टिकला नाही, आणि ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. कोल्हापूर १ मार्च १९४९ रोजी आले आणि स्वतंत्र जिल्हा झाले. बाकीच्यांची वाटणी शेजारच्या जिल्ह्यांत झाली. भोरचा घाटावरचा बहुतेक मुलूख पुण्याकडे गेला, फलटण साताऱ्याकडे, अक्कलकोट सोलापूरकडे, जंजिरा कुलाब्याकडे, जव्हार ठाण्याकडे, सुरगाणा नाशिककडे. ज्या कलेक्टर कचेऱ्यांत या राज्यांची दप्तरे इतकी वर्षे पोलिटिकल एजंटाच्या नावाने येत होती, त्याच कचेऱ्यांत आता तिथल्या रयतेचे अर्ज थेट येऊ लागले.